मक्याची नट्टी

गणपती रामनगरला न्यायची गोष्ट राजेश्वरीवहिनीनं काढली ती भजी खाताना. तोंड गच्च भरलेलं. म्हणजे समोरच्याला नीट भांडायची सोय न्हाई.

"म्हाबळूभावजी, मी काय म्हणते, यंदाची चवथ होऊ दे इथं गुंदात. पुढच्या वर्षीपासनं गणपती आमच्या घरी. रस्ता चांगला हाय, हॉल मोठा हाय, टाइल्स घातल्यात. इथं आलं की माझी चप्पल चिखलात राहती नि मी एकटीच पुढं येते."

महाबळेश्वरानं बायकोकडं बघितलं. सुमंगला भजी तळत हुती. झारा तसाच हवेत राहिला, तेल ठिबकत. महाबळेश्वर दांडेलीच्या एका कारखान्यात जन्मभर स्टोअरकीपर हुता. कपाटातला एक नट जाग्यावरनं हलला तरी त्याला झोपेत कळायचं. आता तर घरातला देव हलायला लागला हुता. पर थोरल्या भावाच्या बायकोपुढं बोलायचं म्हणजे काय, ते थोरला भाऊच सांगंल. यशवंतअण्णा शेजारीच बसला हुता आणि काहीच बोलत नव्हता. लग्न झाल्यापासनं त्याचं तसंच हाय.

"रस्ता नि टाइल्स ठीक हाय," सुमंगला म्हणाली. "पर गणपती कुठं चप्पल घालतो?"

"देवाचं सोड. तुझी माटोळी बघ आधी." माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडाची चौकट. तिला फळं, भाज्या, कणसं, रानातलं काय काय बांधतात. जिची माटोळी भरलेली, ती चवथीला जरा ताठ चालती. "गेल्या वर्षी काय हुतं तुझ्यात? दोन पडवळ, एक तवसं, सुपारीचा घोस. तो पण सुकलेला. आमच्या बाजारात काय मिळत न्हाई? ॲपल हाय, ड्रॅगन फ्रूट हाय, स्वीट कॉर्न हाय..."

"माटोळीला पिकवून बांधतात वैनी. विकत आणून न्हाई."

"मग पिकव की! गुंदात स्वीट कॉर्न पिकवून दाखव. तुझ्या माटोळीत ह्या चवथीला भरलेलं कणीस दिसलं, तर गणपती तुझा. मी परत नाव काढणार न्हाई. न्हाई दिसलं तर रामनगर."

"चालतंय," सुमंगला म्हणाली आणि झारा खाली केला.

झालं. एका घाण्यात देव पणाला लागला. सुमंगलानं स्वीट कॉर्न जन्मात एकदाच खाल्ला हुता, बेळगावच्या बसस्टँडवर, कागदी ग्लासात. तो बी तिला आवडला नव्हता. मक्याला ताप आल्यासारखं लागतंय, असं म्हणून तिनं निम्मा ग्लास महाबळेश्वराला दिला हुता. पर ह्या घरात तिनं सून म्हणून पाऊल टाकलं तवापासनं गणपतीचा पाट तीच पुसत आली हुती. तो पाट रिकामा बघायचा, हे तिला जमणारं नव्हतं. आणि सुमंगलाला एखादी गोष्ट जमणार न्हाई म्हटलं की ती गोष्ट कुठं सुटती?

दांडेलीतनं बियाणं आलं. पाकिटावर दात काढून हसल्यासारखं एक कणीस छापलेलं. मागं बारीक अक्षरात सगळं लिवलेलं हुतं. सुमंगलानं चष्मा लावून ते पूजेची पोथी वाचावी तसं वाचलं. पावसात बी कुजतंय म्हणून तिनं आधी पडवीत रोपं करायचं ठरवलं. घरात नारळाच्या करवंट्यांचा ढीग हुताच. त्यांना भोकं पाडली, माती भरली, दोन दोन दाणे टोचले. महाबळेश्वरानं प्रत्येक करवंटीवर रंगानं नंबर टाकला.

"हे कशाला?" तिनं विचारलं.

"उद्या एखादी कमी झाली तर?"

"कोण नेतंय करवंटी?"

"स्टोअरमधी बी आमी असंच म्हणायचो," तो म्हणाला. तिनं पुढची करवंटी त्याच्यापुढं सरकवली, म्हणून त्याला जरा बरं वाटलं. मोठ्या माणसाचा आनंद असाच लहान असतो.

बातमी गावभर झाली. सुमंगलानं कुणाला सांगितली न्हाई. महाबळेश्वरानं फक्त एकाला सांगितली. पर तो एक म्हणजे समोरच्या घरातला कान्हूअज्जा. कान्हूअज्जाला दात न्हाईत, त्यामुळं त्याच्या तोंडात काय थांबत न्हाई. सकाळ झाली की तो काठी टेकत पडवीत यायचा आणि करवंट्यांपुढं बसायचा.

"म्हाबळ्या, मका आमच्या बापानं पण लावला हुता."

"मग? आला का?"

"आला की! अस्वलानं खाल्ला. अस्वल लई खूश हुतं."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, डुकरं येतात. तिसऱ्या दिवशी वानरं. मग साळिंदर, गवा, पोपट. रानातलं एकेक जनावर त्यानं आणून पडवीत बसवलं. महाबळेश्वराला रोपं दिसायची बंद झाली, नुसती खाणारी तोंडं दिसायला लागली. त्यानं कुंपण घालायचं ठरवलं.

आता कुंपण म्हणजे बांबू. घराच्या मागं बांबूचं बेट हाय. कोयता घेऊन तो उभा राहिला, तेवढ्यात वाटेवरनं फॉरेस्ट गार्ड महेश सायकल ढकलत आला. चेकपोस्टावर त्याची ड्युटी. पोरगा चांगला, पर नजर बारीक.

"मामा, बांबू तोडताय?"

"माझ्या घरामागचा हाय बाबा."

"तुमच्या घरामागचा हाय खरं, पर तुमचं घर जिथं संपतंय तिथं जंगल चालू हुतंय. बांबू कुठल्या बाजूचा?"

दोघांनी वाकून बघितलं. बांबूचं मूळ इकडं हुतं, शेंडा तिकडं हुता. बुंधा कुणाचा ते ठरवायला दोघंही पावसात बराच वेळ उभे राहिले. शेवटी महेश म्हणाला, "हापिसात साहेबास्नी विचारून घ्या. मी न्हाई म्हणत न्हाई, पर व्हय पण म्हणत न्हाई." महाबळेश्वर इस्त्रीचा शर्ट घालून हापिसात गेला. साहेब कुळगीच्या कॅम्पात गेलेले. त्यानं कुळगीची वाट धरली. साहेब तिथनं निघालेले. परत आला, तर साहेब येऊन जेवायला गेलेले. संध्याकाळी शर्टाची इस्त्री गेली, छत्रीची एक काडी गेली आणि तो रिकाम्या हातानं घरी आला. कारखान्यात साहेब त्याच्या टेबलापुढं उभे राहायचे, स्टोअरची चावी त्याच्याकडं असायची म्हणून. ते आठवून त्याला जेवण गेलं न्हाई.

सुमंगलानं त्याचं ताट झाकून ठेवलं. उठली, ट्रंक उघडली आणि त्यातनं साड्या बाहेर काढायला लागली. जांभळी, पोपटी, भडक गुलाबी, एकीवर मोर, एकीवर नुसतेच गोळे. दर दिवाळीला राजेश्वरीवहिनीनं दिलेल्या.

"ह्या?" महाबळेश्वर घाबरला.

"डुक्कर पोपटी रंगाला भितंय म्हणतात."

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणते. मला भ्या वाटतंय, तर डुकराला का वाटू नये?"

परसातल्या जागेला चारी बाजूंनी साड्या बांधल्या. लांबनं बघितलं तर कुणाच्या तरी लग्नाचा मांडव वाटायचा. महेश तपासायला आला. साड्यांबद्दल कायदा काय म्हणतो, हे त्यानं डोकं खाजवून बघितलं. कायदा काहीच म्हणत नव्हता. मग तो हसला आणि चेकपोस्टावर लावायला एक रोप मागून घेऊन गेला. महाबळेश्वरानं त्या करवंटीचा नंबर स्टोअरच्या वहिवाटीप्रमाणं भिंतीवर लिवलेल्या यादीतनं खोडला.

आता खरं सांगायचं ते पुढं हाय.

रोपं वीतभर झाली, तेव्हा गावात भाताची नट्टी चालू हुती. नट्टी म्हणजे भाताची लावणी. आमच्यात नट्टीला कुणी मजूर आणत न्हाई. आज सगळ्या बायका हिच्या गद्द्यात म्हणजे भाताच्या शेतात, उद्या तिच्या. सुमंगला सगळ्यांच्या शेतात कंबर मोडून आली हुती. पर तिचं स्वतःचं शेत न्हाई, नुसतं परस. म्हणजे तिचं देणं फिटलं, घेणं राह्यलं. बायकांच्या जिवाला ते लागलं हुतं. त्यांनी आपसात ठरवलं आणि एका सकाळी बायजाच्या मागं दहाबारा जणी इरलं पांघरून परसात उतरल्या.

"अक्का, तू चहा ठेव जा!" बायजा ओरडली. "आज तुझी नट्टी!"

बायजा म्हणजे गावातली पहिल्या नंबरची लावणीवाली. तिच्या हातातनं रोप सुटलं की चिखलात उभंच. ती उलट्या पावलांनी चालत लावते आणि बाकीच्या तिच्या पाठीकडं बघून लावतात. सुमंगलाचे डोळे भरून आले. चूल पेटवायला आत जाताना तिनं नवऱ्याला बजावलं, "त्यास्नी नीट सांगा. करवंटीतनं मातीचा गोळा तसाच काढायचा. मूळ उघडं पडू द्यायचं न्हाई. वरंबे केल्यात त्यावर एकेक लावायचं, लांब लांब. पाणी थांबता कामा नये. कळलं?"

"मी बघतो," महाबळेश्वर म्हणाला. आणि तो खरंच बघत राह्यला.

म्हणजे त्यानं सांगितलं. खाकरला, छत्री सावरली आणि म्हणाला, "हे बघा, मुळांची जरा काळजी घ्यावी लागंल, कारण पाकिटावर..."

"मामा," बायजा वाकल्या वाकल्या म्हणाली, "आमी नट्टी शिकत हुतो तवा तुमी दांडेलीत नट मोजत हुता. बसा तिकडं. पाय भिजतील."

बायका हसल्या. महाबळेश्वराची छत्री आपोआप खाली आली. त्याला म्हणायचं हुतं, मी काय नुसते नट मोजत नव्हतो, बोल्ट पण मोजायचो. पर ते म्हणण्यात काय अर्थ नव्हता. तो पायरीवर बसला आणि त्याच्या डोळ्यांदेखत जे व्हायचं ते झालं.

पहिल्यांदा फावड्यानं वरंबे सपाट झाले. "एवढे उंचवटे कुणी केले गं? पाणी कुठं थांबायचं?" मग चारी बाजूंनी बांध. ओढ्याचा पाट वळवून आत सोडला. दोघींनी पायांनी चिखल असा तुडवला की लोणी. एकीकडं करवंट्या उलट्या करून रोपं बादलीत. बादलीत खळाखळा धुवून मुळं पांढरीशुभ्र, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. शेंडे पिरगाळून खुडले, कारण भाताचे खुडतात. मूठ मूठ जुडी बांधली, कारण भाताची बांधतात. आणि मग गाणं लागलं. बायजानं पहिली ओळ उचलली, बाकीच्यांनी झेलली, आणि एका जागी तीन तीन रोपं अशी ओळीनं उभी राहिली, की महाबळेश्वराला मधेच वाटलं, हे चुकलंय खरं, पर काय सुंदर चुकलंय! एवढं वाकडं काम एवढ्या सरळ ओळीत त्यानं आयुष्यात बघितलं नव्हतं.

सुमंगला चहाची किटली घेऊन मागच्या दारात आली. बघितलं. किटली हातात तशीच.

महाबळेश्वरानं डोळे मिटले. आता फुटणार. ह्या बाईच्या तोंडाला गाव भितं, कंडक्टर भितो, थोरली जाऊ सुद्धा तोंड भरलेलं असतानाच बोलती.

"किती भराभर केलं गं!" सुमंगलाचा आवाज आला. "या, चहा घ्या. गुळाचा हाय. बायजा, तू आधी घे, तुझा गुडघा दुखतोय."

त्यानं डोळे उघडले. ती हसत हुती. खोटं न्हाई, खरं हसत हुती, आणि प्रत्येकीच्या हातात कप देत हुती. निघताना बायकांनी उरलेल्या जुड्या उचलल्या. नट्टीचं रोप उरलं तर टाकत न्हाईत, ज्याला त्याला वाटून नेतात. सुमंगलानंच वाटल्या. "न्या, न्या. परसात खोचा कुठं तरी."

त्या वळणाआड गेल्या, तशी तिनं साडी खोचली, फावडं घेतलं आणि बांध फोडायला चिखलात उतरली. पाऊस धो धो.

"तू बोलली का न्हाईस?" तो छत्री धरून मागं मागं.

"काय बोलू? माझ्या वाटणीचं काम करायला आल्यात त्या. कामाला आलेल्या बाईच्या हाताला नावं ठेवायची?"

"पर गणपती..."

"तुमी छत्री माझ्यावर धरताय का स्वतःवर?"

तो छत्रीखालनं बाहेर आला. दुसरं काय करणार?

रोपं पिवळी पडली, आडवी झाली, कुजली. गोगलगाईंनी बाकीची खाल्ली. शेवटी एका कोपऱ्यात, जिथं जमीन जरा उंच, तिथं थोडीशी उभी राह्यली, आजारातनं उठल्यासारखी. कान्हूअज्जा रोज बघायला यायचा आणि म्हणायचा, "अस्वलाचं नुकसान झालं." सुमंगला खुरपं घेऊन त्या कोपऱ्यात. तिनं राख टाकली, शेणखत टाकलं, काठ्या लावल्या.

आणि मग एक दिवस ती बायजाकडं ताकाला गेली आणि उड्या मारायचं तेवढं शिल्लक ठेवून परत आली.

"अहो! बायजाच्या उकिरड्यावर मका उभा हाय! माझ्या खांद्याएवढा!"

तसंच झालं हुतं. घरी नेलेल्या जुड्या बायकांना भाताच्या चिखलात लावायला वेळ नव्हता. कुणी उकिरड्याच्या कडेला खोचल्या, कुणी न्हाणीमागं राखेच्या ढिगात, कुणी गोठ्याच्या भिंतीशी. उंच जागा, निचरा, खत. कुणी लक्ष दिलं न्हाई म्हणून सगळी जगली. गावात घराघरामागं एक, दोन, तीन अशी मक्याची झाडं डुलत हुती. चेकपोस्टावर महेशचं एक. नट्टी सुमंगलाची आणि पीक गावाचं.

महाबळेश्वर खूश झाला, पर सुमंगला न्हाई. ती छत्री घेऊन रेंजच्या दगडावर जाऊन उभी राह्यली. वळणावरच्या त्या दगडावर चढलं तरच फोनला रेंज येती. तिथं उभं राहून तिनं हावेरीकडच्या कुणा शेतकऱ्याचा कानडी व्हिडिओ बघितला. मधेच थांबायचा, ती एका पायावरनं दुसऱ्या पायावर व्हायची, परत चालू व्हायचा. घरी आली ती तोंड उतरवून.

"एकट्या झाडाला दाणे भरत न्हाईत," ती म्हणाली. "वरच्या तुऱ्यातली भुकटी खालच्या कणसाच्या केसांवर पडावी लागती. झाडं घोळक्यानं असली तर वाऱ्यानं पडती. एकटं असलं तर तुरा आधी येतो, केस मागनं, चुकामूक हुती. नि ह्या पावसात भुकटी जाग्यावरच भिजती. कणीस येईल, पर बोळकं. कान्हूअज्जासारखं."

"मग आता?"

"मग आता आपण वारा व्हायचं."

हे वाक्य ऐकून महाबळेश्वराला अभिमान वाटला आणि लगेच भीती वाटली, कारण तिनं 'आपण' म्हटलं हुतं.

त्यांच्या परसातली ती अशक्त झाडं हुती ना, त्यांनी घाबरून तुरे लवकर टाकले हुते. सुमंगलानं ते कापून आणले, बाटलीत पाणी घालून फुलांसारखे पडवीत ठेवले, खाली स्टीलचं ताट. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात पिवळी भुकटी. हळद चाळल्यासारखी. "फॅन लावू नका, जोरानं बोलू नका," तिनं सांगितलं. फॅनचा प्रश्नच नव्हता, करंट नव्हता. महाबळेश्वर ताटाशी राखणीला बसला. श्वास सुद्धा बाजूला तोंड करून घेत हुता. आणि नेमकी शिंक आली. साधी न्हाई, कारखान्याच्या भोंग्यासारखी. ताट स्वच्छ. भुकटी सगळी त्याच्या मिशीवर.

सुमंगला बाहेर आली. त्याच्याकडं बघितलं. रंगवायचा मऊ ब्रश आणला, त्याच्या मिशीवरनं अलगद भुकटी डब्यात झाडली आणि म्हणाली, "चला. ही सकाळच्याला ताजी असतानाच लागती."

त्यानंतर गुंदानं रोज सकाळी एक वरात बघितली. पुढं सुमंगला, हातात स्टीलचा डबा, पदराखाली झाकलेला. मागं छत्री धरून महाबळेश्वर. स्वतः भिजत. घराघराच्या मागं जायचं, कणसाचे केस बघायचे, ब्रशानं भुकटी लावायची, त्या झाडाचा तुरा झटकून डब्यात घ्यायचा, पुढच्या घरी. लग्नाच्या अक्षता द्यायला फिरल्यासारखं.

"मामा, वऱ्हाड कुणीकडचं?" गोठ्यातनं कुणी तरी विचारायचं.

"नवरा कोण, नवरी कोण?"

"मामा, तुमचा नंबर लावलाय का करवंटीवर?"

महाबळेश्वराचे कान तापायचे. बावन्न कुलपांच्या चाव्या सांभाळलेला माणूस उकिरड्यावर छत्री धरून उभा. त्यानं एकदा रागानं छत्री मिटली. "पुरे! गावभर हसू झालंय माझं!"

सुमंगला ब्रश थांबवून म्हणाली, "हसू झालं तर होऊ दे. तुमी घरी जावा. पर जाताना छत्री ह्या डब्यावर उघडून ठेवा."

तो घरी गेला न्हाई. तिचे केस गालाला चिकटलेले, हाताला चिखल, आणि ब्रश मात्र बाळाला काजळ लावावं तसा चाललेला. हिच्या मागं छत्री धरायला मिळतीय, हे काय कमी हाय? असं त्याला वाटलं. पर तसं बोलायची आमच्याकडं पद्धत न्हाई, म्हणून तो म्हणाला, "बायजाकडचं झाड राह्यलंय."

हळूहळू हसणाऱ्या बायका पण यायला लागल्या. बायजा तर तिसऱ्या दिवसापासनं स्वतःच ओरडायची, "अक्का, माझ्या मक्याच्या शेंडीला आज केस फुटले! लवकर ये!" चेकपोस्टावर महेश एका झाडासाठी गेट अर्धवट वर करून थांबायचा, जीप मागं हॉर्न मारत असली तरी.

चवथ आली. यंदा अधिक महिन्यानं लांबलेली, म्हणून तर कणसांना वेळ मिळाला. गावात सगळ्यांची कणसं भरली. फक्त सुमंगलाची न्हाई. तिच्या झाडांनी सगळा तुरा गावाला दिला, आणि त्यांच्या स्वतःच्या कणसांना केस फुटले तेव्हा गावात कुणाच्याच तुऱ्यात भुकटी राह्यली नव्हती. बोटाएवढी कणसं, आत नुसता दांडा.

आदल्या दिवशी बायजा पदराखाली कणीस घेऊन आली. "अक्का, हे तुझ्या माटोळीला बांध. कुणाला कळणार न्हाई."

"तुझ्या माटोळीसाठी काढलंयस न्हवं? मग तिथंच बांध. उसनं कणीस बांधून मी जिंकले, तर ते रामनगरच्या बाजारातलंच झालं की."

बायजा डोळे पुसत गेली. महाबळेश्वरानं माटोळी बांधली. पडवळ, तवसं, सुपारी, रानातली लाल फळं. मधली जागा मोकळी राह्यली.

राजेश्वरीवहिनी यशवंतअण्णासंगं आली ती आधी परसाच्या कुंपणापाशी थांबली. पोपटी साडी वाऱ्यावर उडत हुती. मोरवाली पार फाटली हुती.

"ह्या... माझ्या साड्या?"

"लई टिकाऊ निघाल्या वैनी," सुमंगला म्हणाली. "एक डुक्कर आत आलं न्हाई."

वहिनीला ह्याचं काय करावं कळलं न्हाई. ती आत गेली, गणपतीला हात जोडले, वर बघितलं. "कणीस कुठं हाय?"

"भरलं न्हाई माझ्याकडं."

"मग झालं तर. अट ती अट."

"व्हय," सुमंगला म्हणाली. एवढंच. महाबळेश्वराला वाटलं, काय तरी सांगावं, नट्टीचं, भुकटीचं, शिंकेचं. पर ती पाट पुसायला वळली हुती आणि तिची पाठ अशी ताठ हुती, की सांगायची हिंमत झाली न्हाई.

रिवाजाप्रमाणं मग घराघरातल्या गणपतीला जायचं. बायजाकडं गेले. माटोळीच्या मधोमध हिरव्या पातीतलं लठ्ठ कणीस, एक बाजू सोलून दाणे दाखवलेले. "सुमंगलाअक्काचं," बायजा म्हणाली. पुढच्या घरी दोन कणसं. "अक्काचीच." त्याच्या पुढच्या घरी म्हातारीनं वहिनीचा हात धरून सांगितलं, कसं अक्का भर पावसात यायची, म्हाबळू मागं भिजायचा. कान्हूअज्जाकडं तर त्यानं कणीस खाली घेऊन दाखवलं आणि म्हणाला, "बघ, माझ्यापरास जास्त दात." प्रत्येक घरी पान, प्रत्येक घरी करंजी. वहिनी आधी बोलत हुती, मग कमी बोलायला लागली, मग नुसती वर बघायला लागली. तिची चप्पल दुसऱ्याच घरापाशी चिखलात राह्यली हुती, ते पण तिनं कुणाला सांगितलं न्हाई. पर यशवंतअण्णानं हळूच विचारलं, "काय करायचं मग?" तर ती म्हणाली, "अट ती अट."

दिवेलागणीला सगळा गाव सुमंगलाच्या पडवीत आरतीला जमला. आरती झाली. मग गाऱ्हाणं. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस देवापुढं उभा राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो आणि बाकीचे एका आवाजात 'व्हय देवा' म्हणतात. कान्हूअज्जा काठी टेकून उभा राह्यला. तोंडात दात नसले तरी गाऱ्हाण्याला त्याचा आवाज घंटेसारखा असतो.

"हे गणराया! ह्या गुंदातल्या लेकराबाळांना सुखी ठेव रे देवा!"

"व्हय देवा!"

"भाताला दाणा, गाईला दूध, वाट चुकलेल्याला वाट दे रे देवा!"

"व्हय देवा!"

"करंट जातो तो लवकर येऊ दे! बायजाचा गुडघा बरा कर! अस्वलाला दुसरीकडं कुठं तरी खायला घाल!"

"व्हय देवा!"

पडवी हलत हुती. राजेश्वरीवहिनी पुढंच उभी, डोळे मिटलेले, हात कपाळाला. पोटात सगळ्या गावाच्या करंज्या. तिचा आवाज मोठा, रामनगरचा बाजार ऐकून तयार झालेला, सगळ्यांच्या वर निघत हुता.

"यशवंताच्या धंद्याला बरकत दे! म्हाबळ्याला शिंक कमी कर!"

"व्हय देवा!"

"आणि पुढच्या वर्षी ह्याच पडवीत, ह्याच पाटावर, ह्याच सुनेच्या हातचा नैवेद्य खायला ये! आणि मधल्या वर्षात दुसरीकडं कुठं तुझं मन जाऊ देऊ नको रे देवा!"

"व्हय देवा!"

सगळ्यात मोठा आवाज वहिनीचा.

निरांजनाची वात तेवढी तडतडली. वहिनीनं एक डोळा उघडला. कान्हूअज्जा देवाकडं बघत उभा हुता, लहान बाळासारखं निरागस तोंड करून. मागं बायजा आणि सगळ्या जणी हात जोडून उभ्या, कुणाच्या चेहऱ्यावर काही न्हाई. यशवंतअण्णा मात्र खाली बघत हुता आणि त्याचं पोट हलत हुतं.

देवापुढं म्हटलेलं परत घेता येत न्हाई. हे वहिनीला कुणी सांगावं लागलं न्हाई. तिनं तो डोळा परत मिटला, मोठा श्वास घेतला, आणि ज्याला मान्य करायचंच हाय त्यानं निदान ताठ मानेनं करावं, तशी आणखी एकदा, एकटीच, खणखणीत म्हणाली, "व्हय देवा!"

सुमंगलानं पाटासमोर डोकं टेकलेलं हुतं. ती बराच वेळ उठली न्हाई. महाबळेश्वर शेजारी वाकला आणि हळूच विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई," ती तशीच म्हणाली. "हसू येतंय. थांबू दे जरा."